बाळंतिणीची खोली

धाकटी बहीण बाळंतपणाला माझ्याकडे शारजात आली तेव्हा मी तिच्या खोलीसाठी वेगळी यादी केली होती. तिचं तिथलं माहेर म्हणजे मीच. आई डिंक, अळीव आणि बाळंतशेपा घेऊन कोल्हापुराहून व्हिजिट व्हिसावर आली होती. नव्वदच्या दशकातली ती शेवटची वर्षं. अल मजाजमधल्या आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये जानेवारीत सकाळी गारठ्याने फरशीवर पाय ठेववत नसे.

त्या खोलीत खिडकीतला जुना एसी होता. त्याचा हीटर लावला की जळक्या धुळीचा वास यायचा आणि प्लग चटका बसेल इतका तापायचा. भोवतीच्या लाकडी चौकटीतून वारा आत शिरायचा. बाळ सोळा दिवसांचं झालं तेव्हा मी तो काढून टाकला आणि गरम-थंड दोन्ही करणारा स्प्लिट बसवून घेतला. मेकॅनिक रत्नागिरीचा होता. हे मशीन तारा तापवून ऊब करत नाही, बाहेरच्या हवेतली ऊब ओढून आत आणतं, असं त्याने समजावलं. बाहेर थंडी असताना कुठली ऊब, असं आईने विचारलं. असते, आपल्याला कळत नाही, तो म्हणाला.

जुन्या एसीचं भोक त्याने प्लायवूड आणि फोमने बंद केलं. मी त्याच्याकडून खिडकीच्या फटींतही सिलिकॉन भरून घेतलं आणि दाराखाली रबराची पट्टी लावून घेतली.

"ताई, एवढं पॅक नका करू. हवा यायला थोडी जागा ठेवा."

"मग ही ऊब आत आणली कशाला? बाहेर सोडायला?"

"खलास, विषय संपला. घर तुमचं," म्हणत तो हसला.

एसी, खिडकी, दार: यादीतल्या तिन्ही ओळींवर मी खूण केली.

मशीनची ऊब आईला पटली नाही. ती कोरडी, हाडांत उतरत नाही, असं तिचं मत. बाळंतीण घरी आल्यापासून आई अंघोळीनंतर मायलेकींना निखाऱ्यांचा शेक द्यायची. खाटेखाली शेगडी, वर चिमूटभर ओवा. कोळसा खालच्या दुकानातून मीच आणायचे. इतके दिवस काही झालं नव्हतं, त्यामुळे शेगडीचा विचार माझ्या मनातच आला नाही.

नवा एसी बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी बहिणीचं डोकं दुखलं. जागरणाने, असं आम्ही ठरवलं. तिसऱ्या दिवशी तिला उलटी झाली, आईने मेथीचे लाडू बंद केले. आईचंही डोकं जड होतं, पण बाल्कनीत लंगोट वाळत घालताना ते उतरलं. मी यादीच्या वहीत दोघींसाठी गोळ्या लिहिल्या. चौथ्या दिवशी बाळ दुधासाठी रडलं नाही. शहाणी झाली गं तुझी लेक, असं मी बहिणीला म्हटलं आणि वहीत लिहिलं: बाळ शांत.

पाचव्या दिवशी शेकाच्या वेळी मी कपड्यांच्या घड्या घालत तिथेच बसले. दहा मिनिटांत कपाळाभोवती पट्टा आवळल्यासारखं झालं. फोन वाजला म्हणून हॉलमध्ये गेले, तर डोकं हलकं झालं. परत खोलीत आले आणि पट्टा पुन्हा आवळला. तेव्हा मला कळलं, बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू कोंडत होता. आई भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. बहिणीला ऊठ म्हटलं, तर तिला पाय उचलता येईना. बाळाला उचललं, तर त्याची मान माझ्या हातावरून खाली लोंबली. सिलिकॉनने चिकटलेली खिडकी सरकेना. घराचं दार उघडं टाकून, शेजाऱ्यांना हाका मारत मी बाळाला घेऊन बाल्कनीत धावले. त्यांनी दोघींना ओढत बाहेर आणलं.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, खोलीत कोळसा होता का? संध्याकाळी ऑक्सिजनखाली बाळ बारीक आवाजात रडलं. जगेल, पण मेंदूला किती लागलंय ते ती मोठी होईल तसं कळेल, असं बाई म्हणाल्या.

"मी मारली असती गं तिला," आई म्हणाली.

"खोली मी बंद केली होती."

"शेगडी कुणी ठेवली?"



व्हिसाचे उरलेले दिवस आईने बाळाला एकदाही मांडीवर घेतलं नाही. ती दारात उभी राहायची. बाळ जरा वेळ गप्प राहिलं की मला म्हणायची, "बघ जा. हलव तिला." मी जाऊन हलवायचे. ती रडेपर्यंत आम्ही दोघी श्वास धरून थांबायचो.