दयारामची राखण

आमच्या फाट्यावर दयारामचं चहाचं हॉटेल. हॉटेल म्हणजे चार बल्ल्या, वर टिनं आणि एक बाकडं. बाकड्याच्या टोकाला माझी जागा ठरलेली. माझं घर त्याच्या घराला पाठीला पाठ लावून, त्यामुळे त्याच्या भाजीत मीठ कमी पडलं तरी मला कळायचं, आणि मला कळलं की पुढच्या बाजारापर्यंत ते डोणगावलाही कळायचं. पण फाट्यावर लोक थांबत ते चहासाठी नाही. तो चहा प्यालेला माणूस पुन्हा थांबणं कठीण. थांबत ते उंटिणीसाठी.

उंटीण आली महाराष्ट्र झाला त्या साली. हिवाळ्यात काठेवाडी लोक गाई-मेंढरं, उंटं घेऊन आमच्या रस्त्यानं जातात. त्यांच्या एका उंटिणीचा पुढचा पाय मोडला आणि ती हॉटेलासमोरच बसली, उठेचना. तेव्हा लाल पागोट्याचा एक काठेवाडी दयारामला म्हणाला, "भाई, इसको रख ले."

दयाराम म्हणाला, "राखतो बाप्पा. तू काई काळजी करू नोको."

आता दयाराम कोण? तर हॉटेल टाकायच्या आधी जन्मभर दुसऱ्यांची शेतं राखलेला माणूस. लोकांच्या ज्वारीत मचाणावर बसायचं, पाखरं हाकायची, आणि भूक लागली तर घरून आणलेली भाकर खायची. मालकाचं एक कणीस कधी भाजून खाल्लं नाही. त्याच्या कानावर 'राख' असं काही पडलं की पुढचं ऐकायची त्याला गरजच नव्हती.

त्यानं बांबूच्या कांबी बांधून पाय सांधला. उंटीण उठली, पण लंगडी राहिली. मग गावाला चटकच लागली. कोणी चार शिंगांचा बोकड आणून बांधला, कोणी विहीर उपसताना सापडलेलं कासव आणून टाक्यात सोडलं. हे कासव म्हणजे निजामाच्या वेळचा तलाठी, अजून वसुलीले चालला, असं मी गाडीतल्या लोकांना सांगे. हिवऱ्याच्या आश्रमाला निघालेली माणसं लेकरांच्या हट्टापायी मधेच उतरत. लेकरं विचारत, "उंटिणीचं नाव काय?"

"परक्याच्या जनावराले नाव नसते ठेवत," दयाराम म्हणे.

"तिले नाव नाही," मी म्हणे, "पण दयाराम, तुले सारं गाव नावं ठेवते, त्यात भागव."

थंडी पडली की तो उंटिणीला न्हाऊ घाली आणि कळपांच्या घंटा ऐकू आल्या की रस्त्यात जाऊन उभा राही. लाल पागोट्याचा तो माणूस काही येईना. दयारामची बायको जनकाबाई चुलीपुढून ओरडे, "याहून सवत बरी होती! तिले दोनच पाय असतात!" वैरण मात्र तीच टाकायची.

मग जनकाबाईच्या पोटात गाठ निघाली. भावानं तिला लोणारकडे माहेरी नेलं. एका दुपारी गाडीचा कंडक्टर खाली न उतरताच म्हणाला, "दयारामबुवा, बाईचं काही खरं नाही. तुमचं नाव घेऊन राह्यल्या. लवकर जा म्हणते त्यायचा भाऊ."

लोणारची गाडी उभीच होती. मी त्याला दंडाला धरून ओढलं. "बस गाडीत. उंटीण मी पाहतो."

"हेच दिवस हायेत बे, माणिक. काठेवाडी आला अन् मी नसलो तं? म्हणंन, वऱ्हाडातल्या माणसानं ठेव गिळली. अन् तू? तू तं तिले दोन बिड्यांत इकशीन."

हे तो नेहमीच म्हणे आणि आम्ही दोघं हसत असू. त्या दिवशी कोणी हसलं नाही. गाडी निघून गेली. त्यानं उंटिणीचा दोर सोडला आणि काठेवाडी वाटेत भेटलाच तर तिथंच देता यावी म्हणून तिला घेऊन पायी निघाला. गाडीनं तो दिवस मावळायच्या आत पोचला असता. लंगडं जनावर, दर गावी लेकरं मागं लागलेली, "उंट आला, उंट आला" म्हणून टाळ्या पिटत. तो पोचला दुसऱ्या दिवशी. तेव्हा नदीकाठची राख गार झाली होती.

तसाच पायी परत आला. उंटीण जागेवर बांधली, भट्टी पेटवली. विषय कधी काढला नाही. मीही काढला नाही, आणि माझ्यासारख्या माणसाला ते किती जड गेलं असेल, हे गावाला विचारा.

गेल्या पौषात बहिणीची लेकरं चिखलीहून आली, रमाकांत आणि धाकटी वासंती. आल्या आल्या, "मामा, उंट!" घेऊन गेलो. रमाकांत हरभऱ्याचा टहाळा तिच्या तोंडापुढं धरी आणि तिनं ओठ लांब केला की किंचाळून मागं पळे. वासंती टाक्यात वाकून कासवाला "तलाठी, ओ तलाठी" अशी हाक मारत होती. इतक्यात घंटा वाजल्या. कळपापुढं तेच लाल पागोटं होतं, दाढी पांढरी झालेली.

दयारामनं ओळखलं. हातातला गिलास तसाच ठेवून त्यानं आपल्या दुपट्ट्यानं उंटिणीचं तोंड पुसलं आणि दोर दोन्ही हातांवर धरून त्याच्यापुढं केला. "घ्या. तुमची ठेव. पाय जरा वाकडा राह्यला, बाकी सलामत हाये."

काठेवाडी बघतच राहिला. "अरे, ये जिंदा है? भाई, ये तो तेरे को दे दी थी. बोला था ना, रख ले."

"म्हून तं राखली."

"राखी क्या? रख ले, मतलब तेरी हो गई. हम तो उसी दिन भूल गए." त्यानं प्रेमानं तिच्या मानेवर थाप मारली, चहा घेतला, दयारामला दुवा दिली आणि कळपामागं निघून गेला.

दयाराम दोर पुढं करून उभाच होता.

"पह्यल्या दिसापासून माह्यीच होती?" त्यानं मला विचारलं.

मी बाकडं त्याच्या मागं सरकवलं.

"माह्यी असती तं बाभळीले बांधून गाडीत बसलो असतो बे, माणिक."

वासंतीनं त्याचं धोतर ओढलं. "आजोबा, आता तुमची झाली ना? मग नाव ठेवा ना!"

त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "आता काय ठेवू, माय."

लोणारची गाडी आली. दयारामनं भट्टीत पाणी ओतलं, दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला आणि दोर माझ्या हातात दिला.

"कोठी चालला?"

"जनकाकडे जाऊन येतो."

फाट्यावरून गाडीत चढणाऱ्या प्रत्येकाला मी काहीतरी चिकटवतोच. त्याला नुसतं दंडाला धरून पायरीवर चढवलं.

"राखजो," तो पायरीवरून म्हणाला.

"हाव. राखतो."

गाडी हलली तशी उंटीण तिच्यामागं लंगडत निघाली. मला दोर धरवेना. रमाकांतनं मागून टोक धरलं, तेव्हा कुठं ती थांबली. मान रस्त्याकडेच लांब केलेली.

"मामा," वासंती म्हणाली, "आता ही तुमची?"

"नाही गं," मी म्हटलं. "दयारामची."