बोटाशी बोलणारा वसंता

वसंता गेला ते मला सगळ्यात शेवटी कळलं. भिंतीला भिंत लागून घर, तरी शेवटी. घोडपदेवच्या आमच्या चाळीत बातमी पोचायला वेळ लागत नाही, पण त्या सकाळी शेजारचे माझ्या दारापर्यंत यायचे आणि परत फिरायचे. ह्याला सांगायचं की नाही... मी आणि वसंता आठ वर्षं एकमेकांशी बोलत नाही हे सगळ्यांना ठाऊक. शेवटी त्याची सून रेश्मा आली. चौकट धरून म्हणाली, "काका, बाबा गेले. हॉस्पिटलात, पहाटे." मी म्हटलं, "बरं." ऐन वेळी माझ्या तोंडून नेहमी असलंच काहीतरी येतं.

चाळ पाडून टॉवर बांधायचा, त्याच्या मीटिंगवरून आमचं बिनसलं. मी सही करणार नाही म्हटलं. वसंता मॅट्रिक झालेला, हॉस्पिटलच्या प्लास्टर रूममध्ये नोकरी केलेला. सगळ्यांसमोर बोलला, "ज्याला कागद वाचता येत नाही त्याने दुसऱ्यांना अडवून धरू नये." मी चौथी शिकलोय. मला वाचता येतं, सावकाश येतं. त्या दिवसापासून मी त्याच्याशी एक अक्षर बोललो नाही. टॉवर काही अजून उभा राहिला नाही, अबोला मात्र पक्का बांधून झाला.

यंदा होळीच्या आधी गादीखाली चादर खोचताना उजव्या हाताचं मधलं बोट पलंगाच्या फळीवर आपटलं. दुखलं थोडंच, पण शेवटचं पेर खाली लोंबायला लागलं. बाकी बोट सरळ, शेंड्याने तेवढी मान टाकलेली. मी तेल चोळलं, ओढून बघितलं. चार दिवस हेच. मग वरळीहून मुलगी आली, ओरडली आणि डॉक्टरकडे घेऊन गेली. फोटोत दिसलं, हाडाचा तांदळाएवढा तुकडा सुटला होता. एवढ्याशा माराने हाड कसं मोडेल, मी वाद घातला. डॉक्टरांनी समजावलं, माझ्या डोक्यात शिरलं नाही. ऑपरेशन नको म्हणाले. प्लास्टिकची पट्टी, सहा आठवडे, रात्रंदिवस. धुवायला पट्टी काढली तरी शेंडा क्षणभर वाकता कामा नये, वाकला की पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायचं. धुताना दुसऱ्या कुणी बोट धरलेलं बरं. मी राहतो एकटा. मुलीने मला न विचारता वसंताला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी नळ गेल्यावर हा दारात, खांद्यावर टॉवेल. माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. टेबलाशी बसला, माझा हात पालथा ठेवला, शेंड्याखाली आपलं बोट देऊन पट्टी सोडवली आणि माझ्या बोटालाच म्हणाला, "काय रे बोटा, मालक तुला तेल चोळत होता म्हणे? अरे, तुझी दोरी तुटलेली नाही. दोरीला हिसका बसला आणि खुंटीच भिंतीचा पोपडा घेऊन बाहेर आली. ती काय ओढून बसते? गप सरळ राहिलास की आपली आपण बसते." डॉक्टरांचं नव्हतं कळलं, ते ह्याचं कळलं. मीसुद्धा बोटालाच म्हटलं, "बोटा, त्याला सांग, साबण बेताने लाव."

असं सुरू झालं ते. चाळीस वर्षं लोकांची मोडलेली हाडं धरलेला हात तो. पकड अशी, की धरलंय हे कळायचंही नाही, आणि शेंडा केसभर हलायचा नाही. दोन म्हातारे सकाळी हातात हात घेऊन बसलेले बघून समोरच्या शेवंताबाई म्हणायच्या, "काय ओ, हळद कधी?" वसंता म्हणायचा, "बोटा, त्यांना सांग, पत्रिका येईल." बोटामार्फत मला सगळं कळायला लागलं... त्याला जिना चढताना छातीत भरून येतं, डॉक्टरांनी मटण बंद केलंय, बायकोच्या माघारी घर खायला उठतं.

सहा आठवडे संपत आले. पट्टी सुटली की हा यायचा थांबणार. आदल्या दिवशी मी खोटं बोललो. "बोटा, त्याला सांग, काल आंघोळ करताना तू वाकलास." वसंताने शेंड्याखालचं बोट हळूच काढून घेतलं. शेंडा ताठ. पट्टी पुन्हा चढवत तो म्हणाला, "बोटा, तुझा मालक पक्का खोटारडा आहे मेला. चल, पहिल्यापासून मोजू." आणि पुढचे सहा आठवडे आला. एक दिवस चुकला नाही.

शेवटच्या दिवशी पट्टी बाजूला ठेवली आणि आठ वर्षांत पहिल्यांदा सरळ माझ्या तोंडाकडे बघून त्याने विचारलं, "उद्या येऊ काय रे?" मला हो म्हणायचं होतं. त्या मीटिंगचं सोड, असंही म्हणायचं होतं. तोंडातून आलं, "बोटाला विचार." तो हसला. टेबलावर हात टेकून सावकाश उठला आणि दारातून म्हणाला, "आता रोज सकाळी बोट हळूहळू मिटायचं, उघडायचं. दहा वेळा. मोठ्याने मोज, भिंतीतून ऐकतो मी."

दुसऱ्या दिवशी तो आला नाही, पण मी मोजलं. दहा झाले की पलीकडून खोकायचा, म्हणजे ऐकलं. आठवडाभर असं चाललं. मग दोन दिवस सकाळी खोकला आला नाही. मला वाटलं, माझ्या त्या उत्तराचा राग धरला असेल. बाजूच्या दारात जाऊन विचारायला चार पावलं लागतात. मी गेलो नाही, आकडे तेवढे आणखी मोठ्याने मोजले. तेव्हा तो हॉस्पिटलात होता, तेही मला कुणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी रेश्मा चौकट धरून उभी.

खुंटी बसली. बोट सरळ आहे, मिटताना थोडं कमी मिटतं एवढंच. मोजणं मी सोडलेलं नाही. आता तिकडे कोण ऐकणार, तरी मोठ्यानेच मोजतो. परवा सातावर माझा आवाज बसला. पुढचा आकडा काही केल्या निघेना, बोट अर्धवट मिटून तसाच बसून राहिलो... भिंतीपलीकडून रेश्माचा आवाज आला, "काका, तीन राहिले."