शेजाऱ्याच्या तोंडी गेलेले गाणे

प्रा. त्र्यंबकराव सरांना मी पहिल्यांदा पाहिले ते तंजावरहून तिरुवैयारूला जाणाऱ्या बसमध्ये, आणि त्या वेळी त्यांच्याविषयी माझे मत काही चांगले झाले नाही. सांगलीहून इथल्या महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवायला मी नुकतीच आले होते. बसमध्ये सिनेमाचे गाणे दणदणत होते, आणि पांढरी वेष्टी नेसलेले एक गृहस्थ इंजिनाच्या झाकणावर, प्रवाशांकडे तोंड करून, एकेकाच्या तोंडाकडे टक लावून पाहत बसले होते. कंडक्टरने वाकून विचारले, "वात्यार," म्हणजे मास्तर, "दुसरं लावू का?" त्यांनी हातानेच त्याला थांबवले. न राहवून मी मोडक्यातोडक्या तमिळमध्ये त्यांना हटकले. माझ्या तमिळवरूनच त्यांनी माझा मुलूख ओळखला असावा, कारण उत्तर मराठीत आले, तंजावरला पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांतल्या बोलीत.

"रागावू नका. गाणं हिंदी अहे. हिंदी येणारं इथं कोणी नाही. तरी कोण कोण म्हणतांत म्हणून पाहातों."

पुढे कळले की हे आमच्याच विभागाचे प्रमुख. त्यांच्या हाताखाली मी संशोधन केले, आणि आज त्यांच्या पंच्याहत्तरीच्या ग्रंथात लिहिण्याचा मान मला मिळतो आहे. सरांना स्तुती आवडत नाही, त्यामुळे जमेल तितके कोरडे लिहिते.

सरांनी आयुष्यभर एकच प्रश्न धरून ठेवला. शेजारी शेजारी दोन देश असतात, दोघांकडे गळे असतात, हौस असते, पैसाही असतो. मग एकाचे लोकप्रिय संगीत समुद्र ओलांडते आणि दुसऱ्याचे वेशीवरच का थांबते? कोरियाची गाणी आज इथल्या ओरत्तनाडू गावच्या मुलींना पाठ असतात, जपानची का नाहीत? जमैकासारख्या एवढ्याशा बेटाचा ठेका जगभर गेला, भोवतालच्या बेटांचा तितका का गेला नाही?

नेहमीची उत्तरे सरांना ठाऊक होती. ज्याला घरच्या घरी भरपूर श्रोते मिळतात तो उंबरा ओलांडत नाही, आणि ज्याला पुरत नाहीत त्याला बाहेर पडावेच लागते. हे सरांना मान्य होते, पण पुरेसे वाटत नव्हते. लहान बाजारपेठेचे कितीतरी देश मुकेच राहिले, असे ते म्हणत. सरकारी अनुदानाने गाणी जातात, हेही त्यांना पटले नाही. त्यांचे म्हणणे असे, की परक्या घरात गाण्याला काहीतरी काम मिळावे लागते. कुठे लग्नात, कुठे नाचाच्या वर्गात, कुठे बसच्या लांबच्या प्रवासात. आणि ते काम करताना शेजारी गाण्याची चाल ओढील, मोडील, भलत्याच ठेक्यावर नाचेल. एवढी मोकळीक ज्या देशाने दिली त्याचे गाणे पुढे गेले. ज्याने राखण केली त्याचे गाणे घरी शुद्ध राहिले आणि घरीच राहिले.

एका परिसंवादात कोणी अधिकारी म्हणाले, की आपले संगीत परदेशी पोचवायचे तर आधी त्यांना शब्दांचा अर्थ समजावून दिला पाहिजे. सर उठले आणि शांतपणे म्हणाले, "पाहुण्याला पानावर बसवून आधी सांबाराची कृती वाचून दाखवता का?" सभागृह हसले. सर हसले नाहीत. त्यांना तो विनोद वाटतच नव्हता.

सरांच्या माणुसकीविषयी दोन शब्द लिहायलाच हवेत. माझ्या पहिल्याच पावसाळ्यात मला कावीळ झाली. त्यांच्या पत्नी राधाक्का रोज मऊ भात पाठवीत, आणि डबा घेऊन सर स्वतः येत. प्रकृतीची चौकशी दारातच उरकून ते माझ्या प्रबंधाच्या प्रकरणावर वाद घालायला बसत. आजारी माणसाला आजारी आहेस असे सारखे सांगू नये, हे त्यांचे मत. त्या वादांत मी एकदाही जिंकले नाही, पण बरी मात्र लवकर झाले.

आता जे लिहिते आहे त्याला सरांची परवानगी आहे.

सरांच्या घराण्यात लग्नाच्या वेळी ऊंजल असतो. नवरानवरीला झोपाळ्यावर बसवून बायका झोका देतात आणि जुनी मराठी गाणी म्हणतात. ही गाणी सरांच्या आईंची. त्यांच्यामागे ती फक्त दोघांना येत होती, सरांना आणि त्यांच्या थोरल्या भगिनी तुळजाक्कांना. पुतण्या, भाच्या चेन्नईला नाहीतर त्याहून लांब. त्यांना मराठी कळते, पण उत्तर तमिळमध्ये येते. हृदयाच्या शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी सर मला म्हणाले, "मरणाचं काही नाही हो. ऊंजलाची गाणी माझ्याबरोबर जाऊनटाकतील, एवढंच वाटतं." मी त्यांना इतके हळवे कधी पाहिले नव्हते, आणि मला रडू आले.

बरे झाल्यावर त्यांनी रविवारी घरी वर्ग सुरू केला. गावातल्या मराठी घरांतली मुले आली. सरांनी गाणी तमिळ लिपीत लिहून दिली, कारण देवनागरी कोणालाच येत नव्हती. मग एकेका ओळीचा अर्थ, त्यावर प्रश्न, उच्चारांची दुरुस्ती. थोड्याच रविवारांत ओसरी रिकामी झाली. सर खिन्न होऊन बसले होते तेव्हा राधाक्का कॉफी घेऊन आल्या आणि माझ्यासमोरच म्हणाल्या, "जगाला सांगतांत, अर्थ नको म्हणून. घरांत मात्र परीक्षा घेतांत. पोरं पळतील नाही तर काय!"

बुडत्याला तारू नेमके घरातच होते. पुढच्या रविवारी सरांनी काहीच शिकवले नाही. ओसरीवर बसून ते आणि तुळजाक्का नुसते गात राहिले. शेजारची तमिळ मुलगी कयल आपल्या मैत्रिणींना घेऊन कुंपणापाशी आली, मग ओसरीवर आली. या मुलींना मराठीचा गंध नव्हता. त्यांनी गाणे उचलले आणि सरळ कुम्मीवर घेतले, म्हणजे गोल फिरून टाळ्या देत नाचायच्या चालीवर. त्या टाळ्या ऐकून पळालेली मुलेही परत आली. तुळजाक्का मात्र संतापल्या. "अम्माचं गाणं अंगणातला खेळ करूनटाकलांत! झोका देण्याचं गाणं असं धावतं का?" असे म्हणून त्यांनी ओसरीवर येणेच बंद केले. सरांना बहिणीचे मन मोडवत नव्हते आणि मुलींना थांबवणेही जमत नव्हते. तो महिना त्यांना फार जड गेला.

मग सरांच्या पुतणीचे लग्न निघाले. ऊंजलाच्या वेळी तुळजाक्कांनी गाणे धरले. संथ, जसे त्यांच्या आईने शिकवले तसे. दुसऱ्याच कडव्यात त्यांना खोकल्याची उबळ आली आणि आवाज फुटेना. भोवतालच्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. झोपाळा थांबत आला. तेवढ्यात मागून टाळी पडली. कयल आणि तिच्या मैत्रिणी पुढे आल्या आणि त्यांनी तेच कडवे कुम्मीच्या चालीवर उचलले, मागोमाग रविवारच्या वर्गातली मुलेही. ऊंजल गाण्याच्या लयीवर हलवायचा असतो, त्यामुळे नवरानवरी बऱ्याच जोरात झुलली आणि नवऱ्या मुलाने एका हाताने साखळी, दुसऱ्या हाताने फेटा धरला.

सगळे सरांकडे पाहत होते. सरांनी टाळी धरली. ठेक्यात त्यांची टाळी कधीच पडत नाही, तेव्हाही पडली नाही. तुळजाक्का जराशा थांबल्या, मग त्यांनी झोपाळ्याला हात घातला आणि मुलींच्या वेगाने झोका देऊ लागल्या. जेवताना त्या म्हणाल्या, "अम्मा असती तर रागावली असती."

"रागावली असती," सर म्हणाले, "आणि पुढचं कडवं तिनेच सांगितलं असतं."

सरांना परमेश्वराने उदंड, निरोगी आयुष्य द्यावे अशी आम्हा सर्वांची प्रार्थना आहे. गाण्यांसाठी सरांनी जगायला हवे, असे आता म्हणता येत नाही. ती त्यांच्यावाचून चालतील. ते आम्हाला हवे आहेत, म्हणूनच शंभरी मागते.