मिसळणाच्या डब्यावरचं नाव

सुमतीताईंची आणि माझी पहिली भेट आमच्या मोरीच्या दारात झाली. त्या आमच्या शाळेत चित्रकला शिकवायला नव्याने रुजू झाल्या होत्या आणि स्नेहसंमेलनाच्या कामासाठी मांडवीला आमच्या घरी आल्या होत्या. हात धुवायला म्हणून आत गेल्या, त्या साबणदाणी हातात घेऊनच बाहेर आल्या. "ही बरीच जुनी दिसते. कुणी घेतली होती?" आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अगो, साबणदाणी कसली बघत्येस? चहा घे आधी," ती म्हणाली. मी गणिताचा मास्तर. मनात म्हटलं, शाळेला आणखी एक वल्ली मिळाली.

तो नाद आजवर सुटलेला नाही. पन्नास-साठच्या दशकांत प्लास्टिक आपल्या घरांत नव्याने आलं, तेव्हाच्या वस्तू ताई जमवतात. बेकेलाइटची बटणं, मेलामाइनच्या कपबश्या, चहासाखरेच्या बरण्या, मसाल्यांसाठी आपण वापरतो ते मिसळणाचे डबे. तुम्ही-आम्ही ज्याला भंगार म्हणतो ते त्यांच्या कपाटांत, माळ्यावर, पलंगाखाली धुऊनपुसून ठेवलेलं असतं. आणि प्रत्येक वस्तूबद्दल त्यांना एकच जाणून घ्यायचं असतं: हिचा आकार कुणी काढला? कारखान्याचं नाव सगळे सांगतात, पेन्सिल कुणी चालवली ते कुणी सांगत नाही, याचा त्यांना मनापासून राग येतो. एरवी मी त्यांना रागावलेलं पाहिलेलं नाही.

संग्राहक मंडळी सहसा वस्तूला हात लावू देत नाहीत. ताईंचं उलटं. माझी आई अंथरुणाला खिळली, तेव्हा तिला पाणी पाजताना सांडायचं. ताई कपाटातला चोचीचा निळा प्याला घेऊन आल्या. मी म्हटलं, "अहो, फुटला तर?" त्या म्हणाल्या, "पाजायलाच केलाय तो." आई शेवटपर्यंत त्यातूनच पाणी प्यायली. हे उपकार माझ्याकडून फिटलेले नाहीत आणि फिटायचेही नाहीत.

या साऱ्या संग्रहाला कायमची जागा मिळावी, एवढीच ताईंची इच्छा आहे. आपल्यामागे हे भंगारवाल्याच्या हातगाडीवर जाईल, ही धास्ती त्यांना झोपू देत नाही. अशात बाजारपेठेतल्या एका जुन्या व्यापारी घराण्याने दुकानावरचा हॉल देऊ केला. निमित्त एका पिवळ्या मिसळणाच्या डब्याचं. त्यांच्या आजोबांनी लेकीच्या लग्नात हे डबे वाटले होते, तळाला स्वतःचं नाव घालून. भांड्यावर नाव घालायची आपली रीतच आहे. पण प्लास्टिक तेव्हा इतकं नवलाचं, की देणाऱ्याचं नाव तेच घडवणाऱ्याचं, असं गावाने धरून टाकलं. घरच्यांनी तर धरलंच, ताईंनीही धरलं.

हॉलची बोलणी चालू असतानाच ताईंनी शाळेत छोटं प्रदर्शन मांडलं. ते बघायला पोफळीहून दत्तारामकाका आले. मुलगा तिथे वीजगृहात नोकरीला, म्हणून तिकडे राहणारे. स्वतः उमेदीच्या काळात मुंबईच्या एका प्लास्टिक कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. पिवळा डबा बघून ते हसले. "हा मी काढलेला हो. पण राहू दे, त्यांनी एवढ्या हौसेनं वाटले."

ताईंनी राहू दिलं नाही. मला बरोबर घेऊन त्या थेट पोफळीला गेल्या. काकूंच्या ओट्यावर तसाच डबा होता, पण पांढरा, पहिल्या साच्यातून नमुना म्हणून निघालेला. तळ कोरा, आणि झाकणाला बोट घालायची खाचच नाही. काकू तो अजून उलथन्याच्या टोकाने उघडतात. "मी रोज करवादायचे, तेव्हा ह्यांनी पुढच्या साच्यात खाच ठेवली," त्या म्हणाल्या. पिवळ्या डब्याला ती खाच आहे.

परतताना मी ताईंना म्हटलं, "आधी हॉल ताब्यात येऊ दे, डब्याच्या पाटीवरचं नाव मग बदलू." त्यांनी ते ऐकलं नाही. दुसऱ्याच दिवशी व्यापाऱ्यांच्या घरी जाऊन त्यांनी सगळं सांगितलं. मंडळी भली. त्यांनी तोडगाही सुचवला, आजोबांचं नाव वर ठेवू, काकांचं खाली बारीक अक्षरात घालू. ताई नाही म्हणाल्या. भांडण झालं नाही, चहा घेऊनच आम्ही उठलो. हॉल मात्र गेला.

काकांना कळलं तेव्हा त्यांनी फोन केला. "माझ्यापायी तुमची जागा गेली हो, ताई." ताई म्हणाल्या, "जागा पुढेमागे मिळेल. तुमचं नाव तुम्ही असतानाच लागायला हवं होतं." त्या वेळी मी समोरच बसलो होतो. एवढी वर्षं ज्यांना आपण वल्ली म्हणत आलो, त्यांच्याबद्दल मला त्या क्षणी फार अभिमान वाटला, तो इथे सर्वांसमक्ष नोंदवतो.

आज ताई पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो आणि त्या आयुष्यात हा संग्रह त्यांनी स्वतःच्या हाताने मांडलेला आपल्याला बघायला मिळो. शाल, श्रीफळ झालं, भाषणंही होतील. मी माझी मांडवीची पुढची खोली रिकामी करून किल्ली ताईंकडे दिली आहे. ती पुरणार नाही. बाकीचं, मंडळी, तुम्ही बघा.