अमेयच्या डब्यातले फोटो

भुताखेतांचं कुणी सांगायला लागलं की चहा ठेवायच्या निमित्ताने उठणाऱ्यांतली मी. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय... आणि रडूही.

आम्ही जर्मनीत स्टुटगार्टला, चढावरच्या एका जुन्या इमारतीत राहतो. म्हणजे आता फक्त मी आणि सहा वर्षांची इरा. माझा नवरा अमेय मार्चमध्ये हार्ट अटॅकने गेला. त्याला क्लाउडचा भारी तिटकारा. "आपले फोटो दुसऱ्याच्या घरात कशाला ठेवायचे?" म्हणायचा. लग्नापासूनचे फोटो, इराचे व्हिडिओ, सगळं केलरमध्ये – तळघरातल्या आमच्या खोलीत – त्याने स्वतः जोडलेल्या सर्व्हरवर. मी त्याला डबा म्हणायचे. पासवर्ड एकट्या अमेयला माहीत... तो घेऊनच गेला.

त्याच्या ऑफिसमधल्या सचिनने खूप खटपट केली. शेवटी म्हणाला, "वहिनी, ह्याला मागचं दारच नाही. त्याने मुद्दाम ठेवलं नाही." अमेयचा इतका राग आला मला! इकडे पोर बाबाचा आवाज विसरत चालली होती. मी वायर उपटली, डबा वर आणला आणि कपाटावर टाकून दिला.

सप्टेंबरमध्ये इरा पहिलीत गेली. त्यानंतरच्या एका रविवारी दुपारी मी पोळ्या करत होते. इरा ओरडली, "आई, गुक माल, बघ ना! बाबाचे फोटो!"

टीव्हीवर अमेयचा जुना, डब्यातून चालणारा स्लाइड शो चालू होता. डबा कपाटावरच, वायर गुंडाळलेली. मी सचिनला फोन लावला. "हो, हो, टीव्हीच्या मेमरीत जुने राहिले असतील," तो म्हणाला. पटलं मला. गॅस बंद करून इराला मांडीवर घेऊन बसले. किती महिन्यांनी दिसत होता तो!

मग एक फोटो आला. शाळेचं अंगण. इराच्या हातात शुलट्यूट – पहिल्या दिवशी इथे मुलांना खाऊ भरून देतात तो मोठा रंगीत कोन. आणि मी, वाकून तिचा फोटो काढणारी. पालकांच्या गर्दीमागून, सगळ्यांच्या डोक्यांवरून घेतलेला.

त्या दिवशी आमचं असं तिथे कुणीच नव्हतं.

मोबाइल आणेपर्यंत स्क्रीन काळी झाली. संध्याकाळी सचिनने येऊन टीव्ही तपासला. आत एकही फोटो नव्हता.

याचं कारण मला आजही सापडलेलं नाही. भीती वाटली नाही, खरंच. पण एक गोष्ट मनातून जात नाही... त्या दिवशी शाळेत आम्ही दोघीच होतो, आमच्या शेजारी भरपूर जागा होती. मग तो इतका लांब, सगळ्यांच्या मागे का उभा राहिला?