वाऱ्याबरोबर गेलेली शाहीन

जानेवारीतला दुसरा शुक्रवार, कतारच्या दक्षिणेकडचं वाळवंट. हजर: आमचे मालक, ज्यांना आम्ही नोकरमाणसं बाबा म्हणतो, त्यांचा मोठा मुलगा, ससाणे सांभाळणारे आणि माझ्याच खोलीत राहणारे सिंधी उस्ताद, आणि मी, ड्रायव्हर व सामानाचा जबाबदार. शिवाय उस्तादांच्या हातावर शाहीन, म्हणजे बहिरी ससाण्याची मादी.

पहाटे दाट धुकं होतं. मी पाणी, लाकडं, चहा, जादा टायर, सगळं तपासून यादीवर खुणा करत होतो. उस्तादांनी आकाशाकडे बघत विचारलं, "भाई, हवा का क्या इंतज़ाम किया?"

धुकं उठलं तेव्हा हुबारा दिसला. आमच्या सोलापूरकडच्या माळढोकाचा हा धाकटा भाऊबंद. उभा राहिला की मातीत मिसळून जातो. तो उडाला, उस्तादांनी शाहीनच्या डोळ्यांवरची टोपी काढून तिला सोडलं, आणि तेवढ्यात वारा फिरला. उत्तरेचा शमाल धूळ घेऊन आला. हुबारा वाऱ्याबरोबर टेकाडापलीकडे गेला, शाहीन त्याच्यामागे. तिच्या पायातल्या ट्रान्समीटरचा आवाज थोडा वेळ आला, मग थांबला.

बाबा, मुलगा आणि उस्ताद लँडक्रूझरने मागे गेले. मी पिकअपपाशीच राहायचं ठरलं. ससाणा जिथून सुटला तिथे, ओळखीच्या गाडीकडे परत येतो. म्हणून एक माणूस तिथे लागतोच. दोरीला बांधलेले कबुतराचे पंख गरगर फिरवायचे आणि उस्तादांसारखी हाक द्यायची. माझी हाक मलाच परकी वाटत होती. दुपारी पाऊस भुरभुरला, पंख भिजून जड झाले. फोनला नेटवर्क नव्हतं. गाडीभोवती माझ्याच पावलांचे ठसे इतके झाले की ताजे कुठले ते कळेना. आकाशात एक कावळासुद्धा नव्हता.

अंधार पडता पडता गाडी परतली. हुबाऱ्याची पिसं सापडली होती, शाहीन नाही. पोट भरलं असेल तर ती लगेच कुणाच्या हाकेला येणार नाही, असं उस्ताद म्हणाले. बाबा रागावले नव्हते. त्यांनी एवढंच सांगितलं होतं, की उद्यापर्यंत ती मिळाली नाही तर या हंगामापुरती शिकार खलास. उस्तादांनी महिनाअखेरीस घरी जावं.

तंबूत मी उस्तादांना जेवण वाढलं. ते हसून म्हणाले, "कमरा खुला हो जाएगा तुम्हारा. मेरा सामान देखके रोज़ चिढ़ते थे."

मला मोकळी खोली नको होती. मी त्यांच्या ताटात अजून भात घातला.

आता शनिवारची पहाट आहे. वारा पुन्हा फिरलाय, दक्षिणेकडून येतोय. टेकाडापलीकडचा सगळा भाग काल पाहून झाला. त्याच्याही पुढची, दक्षिणेची विजेच्या खांबांची रांग मात्र कुणीच पाहिलेली नाही, आणि ससाणा रात्री उंच जागा धरून बसतो. उस्ताद गाडीत बसलेत. त्या रांगेतला एकेक खांब बघायचा राहिला आहे.