'खतरनाक'चं शुद्ध मराठी

आता कोणत्या तोंडानं सांगू? चारचौघांत मी बोलतच नाही. एकदा बोलले, तर दादाचा पिक्चरच बुडवला!

दादा लोहाऱ्याला एमआयडीसीत कामाला. सुट्टीच्या दिवशी मित्रांना घेऊन त्यानं छोटा सिनेमा बनवला. संशयापायी बायकोला छळणाऱ्या माणसाचा. मला पाहूच दिला नाही. "मोठ्यांचा आहे. तू अभ्यास कर."

यवतमाळात लघुपटांचा कार्यक्रम होता, फक्त मोठ्यांसाठी. तरी दादाच्या सिनेमावरून आयोजकांचं भांडण जुंपलं. एक म्हणे, "असं भयाण कायले दाखवता?" दुसरा म्हणे, "घराघरात होते, ते मोठ्यायनं नाही तं कोणं पाहाव?" शेवटी निर्णय पुण्याच्या परीक्षक सरांवर सोडला.

सर आमच्याकडे चहाला आले. सोबतच्या चिवड्यासाठी दादा दुकानात पळाला, आई स्वयंपाकघरात. उरलं कोण? मी!

"काय गं, ज्यांनी पाहिला ते काय म्हणतात?"

शेजारच्या काकूंचे शब्द मला पाठ होते. "खतरनाक पिक्चर हाय वं माय! दिमाग खराब केला पोट्ट्यानं!" आमच्याकडे याहून मोठी शाबासकी नाही. पण पुण्याच्या माणसासमोर 'खतरनाक' म्हणायचं? शुद्ध नको बोलायला?

ओढणीचं टोक पिळत, शब्द जुळवून मी म्हणाले, "चित्रपट अत्यंत धोकादायक आहे, सर."

सरांचा कप ओठांपाशीच थांबला. "कुणाला त्रास झाला का?"

"काकूंचा मेंदू बिघडला."

"अरे बापरे! आता बऱ्या आहेत ना?"

किती आपुलकीनं विचारतात, मला वाटलं! "नाही सर, अजून तशाच आहेत. दिसेल त्याला धरून सांगतात."

चहा अर्धाच ठेवून सर निघून गेले. संध्याकाळी आयोजकांचा निरोप आला, सिनेमा रद्द. घरच्याच मुलीनं सावध केलं म्हणे!

"काय बोलली तू?" दादानं विचारलं.

"तारीफच केली..."

सगळं ऐकून आई पदरात तोंड लपवून हसली. दादा हसला नाही. त्यानं सरांना फोन लावला, हात जोडल्यासारखं समजावलं. सर म्हणाले, "इतकी साधी मुलगी खोटं कशाला बोलेल?"

कंपनीतल्या सगळ्यांना दादानं बोलावलं होतं. आता एकेकाला "येऊ नका" सांगत होता. मी दाराआड उभी राहून ऐकत होते. फोन संपल्यावर त्यानं मला पाहिलं.

"रडू नको. पुढच्या पिक्चरात तुले घेतो."

"खरंच? कोणता रोल?"

"मुकीचा."